पाणी पाहणारी

अंबाजोगाईच्या मॅडमना दर महिन्याला अहवाल पाठवावा लागे. त्याचे दोन भाग होते. पहिला 'प्रकल्प', दुसरा 'स्वतः'. पहिल्या भागात या महिन्यात काय पाहिलं, काय मोजलं आणि त्यावरून काय वाटतं ते लिहायचं. दुसऱ्यात एकच प्रश्न छापलेला होता, 'कशी आहेस?', आणि त्याखाली पाचसहा ओळींची कोरी जागा. पहिल्या भागाची जागा मला कधीच पुरली नाही, कागदाच्या पाठीमागे लिहावं लागे. दुसऱ्यात मी 'बरी आहे' एवढं लिहून मोकळी व्हायचे. सोळा वर्षांच्या पोरीला कुणी कशी आहेस म्हणून विचारावं आणि तिने खरं सांगावं, असा रिवाज आमच्या वस्तीवर नव्हता.

मी तेव्हा दहावीत होते. मॅडमचं कॉलेज दर वर्षी खेड्यांतली काही मुलं निवडायचं, त्यांच्याकडून वर्षभर एक प्रकल्प करून घ्यायचं, आणि ज्याचा चांगला होईल त्याला अकरावी सायन्सला प्रवेश आणि वसतिगृहात जागा मिळायची. आता कुठे बोलायला बोलावलं की मी सांगते, मला लहानपणापासून विज्ञानाची ओढ होती. लोकांना ते ऐकायला बरं वाटतं. खरं असं की मला त्या वस्तीवरून बाहेर पडायचं होतं. मामाने चौसाळ्याचं एक स्थळ आणलं होतं, हायवेला हार्डवेअरचं दुकान, मुलगा एकुलता एक. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मामाला सांगितलं की पोरीचं ते सरकारी काम संपू दे, मग बघू. काम सरकारी नव्हतं, पण मी ते दुरुस्त करायला गेले नाही. भाऊ-वहिनी दसऱ्यालाच ऊसतोडीला गेले होते, मेंढरं दादांनी चाऱ्यावाचून अर्ध्या किमतीत विकून टाकली होती, घरी दोन म्हशी, आई, दादा आणि मी. प्रकल्प आहे तोवर मला कुणी हलवणार नव्हतं. आणि प्रकल्पामुळे मलाही कुठे हलता येत नव्हतं.

प्रकल्प साधा होता. गावातल्या आणि शिवारातल्या विहिरींचं पाणी दर महिन्याला किती खाली जातं ते मोजायचं. सुंभाच्या दोरीला गाठी मारल्या आणि टोकाला तराजूचं जुनं लोखंडी माप बांधलं. आमच्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. मॅडमना मीटर हवे होते. म्हणून मी दादांना भिंतीला लावून उभं केलं, हात वर करायला लावला आणि शाळेतली टेप आणून मोजलं. ते हात वर धरून तसेच उभे, आणि आई चुलीपुढून विचारतेय, काय चोरी केली म्हणून. त्या वर्षात आम्ही तिघं एकदम हसलो असू ती तेवढीच वेळ.

मॅडमच्या सांगण्यावरून विहिरींना मालकांची नावं न देता नमुना क्रमांक दिले होते, उगीच कुणाचं मन दुखायला नको म्हणून. माझ्या फेरीत आमच्या वस्तीची विहीर सातवी यायची, म्हणून ती सात नंबर. वस्तीवरच्या सगळ्या घरांची मिळून ती एकच विहीर, आमच्या आजोबांच्या पिढीने मेंढरं सांभाळता सांभाळता खांदलेली. चार महिने मोजल्यावर एक गोष्ट दिसायला लागली. बाकीच्या विहिरींचं पाणी भराभर उतरत होतं आणि सात नंबरचं फार हळू. वरच्या अंगाला जुना पाझर तलाव होता. तो कोरडा पडला होता, तरी खाली कुठेतरी ओल धरून असावा, असं मी अहवालात लिहिलं. मॅडमचं उत्तर आलं, याच विहिरीकडे लक्ष दे, प्रकल्पाचा जीव इथेच आहे. ही विहीर आमची आहे हे मी त्यांना कळवलं नव्हतं. नमुना क्रमांकाला कुठे घर असतं.

घोटाळा झाला तो एका शब्दाने. ही पोरगी दोरी घेऊन विहिरीविहिरीवर काय करते, असं लोक दादांना विचारायचे, आणि दादा सांगायचे, पाणी पाह्यती. त्यात खोटं काही नव्हतं. पण आमच्या भागात पाणी पाहणं हे पाणाड्याचं काम. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो आणि जिथे नारळ उभा राहील तिथे खणा म्हणतो. त्या साली पाणाड्यांना उसंत नव्हती आणि त्यांच्या निम्म्या जागा फुफाटा निघत होत्या. अशात एक शिकलेली पोरगी दोरीला वजन बांधून विहिरीत सोडते, मान डोलावते आणि कागदावर काहीबाही लिहून घेते म्हटल्यावर आणखी काय पाहिजे. लिंबागणेशच्या बाजूचा एक म्हातारा सायकलवरून नारळ घेऊन दारात आला. मी त्याला बसवून, पाणी देऊन, नीट समजावलं की मी नुसतं मोजते, कुठे आहे ते मला कळत नाही. म्हातारा हसून म्हणाला की खरा पाणाड्या पहिल्यांदा न्हाईच म्हणतो. जाताना नारळ ठेवून गेला. आईने त्याची चटणी केली. नंतर बाकीचे आले, त्यांचेही नारळ राहिले, आणि मला त्या चटणीचा वीट आला.

संक्रांतीनंतर आमच्या दूध संस्थेने गायरानात चारा छावणी उघडली. पंचक्रोशीतली जनावरं तिथे दावणीला लागली, आमच्या दोन म्हशीही. प्रत्येकीच्या कानात नंबराचा बिल्ला. तेव्हा मला गंमत वाटली होती, की मी विहिरींना नंबर दिले आणि संस्थेने म्हशींना. पण चारा आला तरी पाणी येईना. टँकर कधी यायचा, कधी चौसाळ्यावरूनच परत जायचा. जनावरं रिकाम्या हौदाच्या भिंती चाटायची. मी शाळा सुटल्यावर दोन कळशा घेऊन जायचे आणि आमच्या म्हशींपुढे ठेवायचे, तेव्हा शेजारच्या दावणीची जनावरं दावं ताणून माझ्याकडे माना करायची. मला तिथे उभं राहवत नसे. कळशा पालथ्या झाल्या की मी मागे न बघता निघायचे.

छावणीसाठी बोअर पाडायचं संस्थेत ठरलं आणि चेअरमननी दादांना निरोप धाडला की पोरीला घेऊन या. चेअरमन म्हणजे संस्थेचे, छावणीचे आणि बोलण्यातून बघितलं तर पावसाचेही मालक. गावात मोबाईल तेवढा त्यांच्याकडेच. तरी माणूस गोड. संस्थेच्या खोलीत त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. दादा खुर्चीच्या कडेला टेकले होते.

"तू पाणी पाह्यतीस म्हनं," चेअरमन म्हणाले.

"मोजते, काका. कुठं हाय ते मला कळत न्हाई."

ते हसले. त्या म्हाताऱ्यासारखंच हसले, आणि टेबलावरचा नारळ माझ्याकडे सरकवला. मी तो हातात घेतला नाही. एवढं शिकून शेवटी नारळ घेऊन रानात फिरायचं, याची मला लाज वाटत होती. ती लाज दादांनी ओळखली. मला सोडवायला म्हणूनच ते बोलले, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही माझा त्याबद्दल त्यांच्यावर राग नाही.

"पाणाडीण न्हाई ती, चेअरमनसाहेब," दादा म्हणाले. "तिचं शास्त्र हाय. समद्या हिरी मोजल्यात तिनं. आमच्या वस्तीच्या हिरीचं पाणी समद्यात कमी उतरतंय, ते बी तिनंच काढलंय."

बोलून झालं आणि त्यांचा चेहरा उतरला. तोंडातून काय गेलं ते त्यांनाही कळलं. चेअरमननी कप खाली ठेवला आणि नारळ उचलून परत आपल्या बाजूला घेतला. आता त्याची गरज उरली नव्हती.

मी म्हणाले की वस्तीच्या विहिरीजवळ बोअर पाडला तर आमची विहीर आटेल. मी ते नीट, पुस्तकातल्यासारखं समजावून सांगितलं, जमिनीखाली पाणी कसं एकाच साठ्यातलं असतं ते. चेअरमननी सगळं ऐकून घेतलं. मग दादांकडे वळून मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या म्हशी कोनच्या दावणीला हायेत? चारा बराबर मिळतो न्हवं?"

दादा म्हणाले, मिळतो. धमकी म्हणावी तर ती धमकी नव्हती, चौकशी म्हणावी तर चौकशीही नव्हती. आम्ही उरलेला चहा प्यायलो आणि निघालो.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमच्याकडे आड नव्हता, विहीर तेवढी होती. बोअर पाडला तर ती जाणार आणि नाही पाडला तर छावणीत जनावरं जाणार, त्यात आमच्या म्हशीही. मला कुणी विचारलं असतं, तूच सांग कुठे पाडायचा, तर मला सांगता आलं नसतं. पण विचारत कुणीच नव्हतं, आणि मी सांगितलं असं मात्र सगळा गाव धरून चालला होता. शाळेत गुरुजी म्हणाले, वस्तीचं नाव काढलंस. मी घरी आले आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिले.

शिमगा झाला आणि बोअरची गाडी आली. विहिरीच्या वरच्या अंगाला, गोफणीचा दगड सहज पोचेल एवढ्या अंतरावर, तिने पाय रोवले. नारळ फोडायचा मान माझा, असं ठरलं होतं. मी मागे सरले तर बायांनी मला हसत पुढे ढकललं. वस्तीवरच्याच बाया होत्या त्या. त्यांना वाटत होतं, पाणी आपल्या उशाला लागतंय म्हणजे आपलंच झालं. मी नारळ फोडला. पांढरा धुरळा उडत राहिला, मग चिखल आला, मग पाणी उसळलं. लोक त्यात भिजले. संध्याकाळी संस्थेत माझा सत्कार झाला, शाल आणि आणखी एक नारळ. चेअरमन भाषणात म्हणाले की पोरीने गावाचं पाणी पाहिलं. मला वाटलं, माझं पाणी मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी जोखलंत. तिथून छावणीपर्यंत पाईप टाकला आणि हौद भरले. आमच्या म्हशी पाण्यात तोंड बुडवून किती तरी वेळ उभ्या होत्या, आणि त्यांना बघून मला बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

त्या महिन्याच्या अहवालात मी बोअरची जागा, खोली, अंतर सगळं लिहिलं. खाली 'बरी आहे'. मॅडमचं उत्तर नेहमीपेक्षा लवकर आलं. त्या हरखल्या होत्या. बोअरच्या आधीचे इतके महिने हाताशी आहेत, आता नंतरचेही मिळतील, अशी संधी मोठमोठ्यांना मिळत नाही, आता सात नंबर रोज मोज. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हरखले असते.

म्हणून मी रोज मोजायला लागले, आणि रोज आणखी एक-दोन गाठी कोरड्या वर यायला लागल्या. आमच्याकडे बाया भाकरी मोजून वाढत नाहीत, मोजलं की सरतं म्हणतात. तेच आता विहिरीला लागू झालं. आधी कुजबुज, मग तोंडावर. शेजारची चुलती रहाट सोडून म्हणाली, रोज रोज पाह्यतीस, नजर लागली तुझी. माझं पाहणं आधी मोजणं होतं, मग गावाने त्याचं पाणाडपण केलं, आणि आता वस्तीने त्याची दृष्ट केली. शब्द तोच राहिला. मी दोरी घेऊन दिसले की बाया हंडे उचलून पाठ फिरवायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटे की अगं बायांनो, तिकडे बघा, तो बोअर दिवसभर चालतोय. त्यांना तो दिसत नव्हता असं नाही. पण त्याला बोलून उपयोग नव्हता आणि मला बोलता येत होतं.

एक दिवस आईनेच विषय काढला. ती भाकरी थापत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ठावं हाय, तुझ्या पाह्यन्यानं काय होत न्हाई. पन बायांचं तोंड कोन धरंल? त्या गेल्यावर पाह्यत जा."

मग मी भर दुपारी जायला लागले, विहिरीवर कावळाही नसताना. आपल्याच विहिरीवर चोरासारखी. दहावीची परीक्षा त्यातच झाली, पेपर कसे गेले ते कुणी विचारलं नाही. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला एका दुपारी माप खाली गेलं आणि पाण्याचा आवाज न येता चिखलात रुतून बसलं. ओढून काढायला मला जोर लावावा लागला. दुसऱ्या दिवसापासून आई, चुलती, सगळ्याच हंडे घेऊन छावणीच्या नळावर जायला लागल्या. तिथे आधी जनावरं, मग माणसं. शिपाई म्हणेल तेव्हा नळ सुटायचा. स्वतःच्या पाण्यासाठी त्यांना रांगेत उभं राहावं लागे.

मी मोठ्या कागदावर आलेख काढला. बाकीच्या विहिरींच्या रेषा सावकाश उतरत होत्या. सात नंबरची जवळजवळ आडवी जात बोअरच्या दिवशी वाकत होती आणि तिथून सरळ तळाला. मला चेअरमनचा राग होता, बायांचा होता, पण सगळ्यात जास्त राग त्या आलेखाचा आला, कारण तो फार सुंदर आला होता.

मे महिन्यात अंबाजोगाईला प्रकल्प सादर करायचे होते. दादा माझ्याबरोबर एसटीने आले. धुतलेलं धोतर, फेटा, आणि मांडीवर गुंडाळलेला आलेख, कुणाला हात लावू देईनात. मॅडमनी आदल्या अहवालावरच लिहून पाठवलं होतं की जे मोजलं तेवढंच बोलायचं, त्यापलीकडे जायचं नाही. मी तसंच बोलले. सात नंबरची रेषा खाली उतरते तिथे मी पट्टी ठेवली आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

परीक्षकांत एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "या सात नंबरच्या विहिरीवरचे लोक आता पाणी कुठून आणतात?"

"सर, ते प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही," मी म्हणाले. मॅडमनी मान हलवली. उत्तर बरोबर होतं.

तेवढ्यात मागच्या ओळीत दादा उभे राहिले. शाळेतल्या पोराने करावा तसा त्यांनी हात वर केला होता, पूर्ण सरळ, भिंतीपाशी मोजायला उभं केलं होतं तसा.

"मी सांगू का, साहेब?" ते म्हणाले. "छावनीच्या बोअरवरून आनतेत. ह्या पोरीची माय बी तिथूनच आनती. ती हीर आमची हाय."

पुढच्या ओळीत कुणीतरी हसलं. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. प्राध्यापकांनी मला विचारलं, खरं का. मी हो म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दादांना हाताने बसा म्हणाले.

माझा पहिला नंबर आला. वसतिगृहाची जागाही नक्की झाली. येताना एसटीत दादा खिडकीपाशी बसले होते. बाहेर बघतच म्हणाले, "तुला ठावं न्हवतं व्हय, माय पाणी कुठून आनती ते?"

"ठावं होतं," मी म्हणाले. "पन ते मोजलं न्हवतं."

त्यांनी मान हलवली. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग शेवटचा अहवाल तेवढा राहिला होता. पहिला भाग मी चार ओळींत उरकला, सात नंबर कोरडी, मोजणी बंद. 'कशी आहेस?' या प्रश्नाखाली मात्र मी लिहायला बसले ते थांबताच येईना. आई किती वाजता उठते, किती लांब चालते, शिपाई नळ सोडेपर्यंत रांगेत कुठे बसते, हंडा कोणत्या खांद्यावर घेते आणि आल्यावर तो खांदा कसा दाबत राहते, हे सगळं लिहिलं. पाचसहा ओळी संपल्या, पाठीमागची बाजू संपली, वेगळा कागद जोडला. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मॅडमनी तो अहवाल तपासून मला वसतिगृहातच आणून दिला. दुसऱ्या भागाच्या शेजारी, समासात, त्यांनी तांबड्या शाईने लिहिलं होतं, 'हे पहिल्या भागात यायला हवं होतं.' मी तो नळापाशी उभी राहून वाचला. वसतिगृहाच्या नळाला पाणी होतं, आणि आई अजून छावणीवरूनच आणत होती.